घरी का टेबलावर?

आमच्या तरुण संघात किस्से गोळा करावे लागत नाहीत. मिटिंग बोलावली की एक होतो, सहल काढली की तीन-चार होतात. आणि मागच्या दिवाळीच्या सुट्टीत तर मुखेडच्या आमच्या चर्चचा हा संघ सेवेसाठी थेट आफ्रिकेत, केनियाला जाऊन आला! तेव्हापासून कुणाच्या लग्नात जा, बाप्तिस्म्याला जा, दवाखान्यात पेशंटला भेटायला जा, लोक पेशंटला सोडून मला विचारतात, "शालूताई, ते कोंबडीचं सांगा की." सांगते. पण कोंबडीला अजून वेळ आहे. आधी तरुण म्हणजे कोण, ते सांगावं लागेल.

*

संघाचे अध्यक्ष सुधाकरभाऊ. मिशा काळ्या, केस त्याहून काळे. त्यांची मुलगी कॉलेजात गेली तेव्हा तिनंही संघात नाव दिलं आणि पंचाईत झाली. बाप आणि लेक एकाच तरुण संघात कसे? वयाची अट होती पस्तीसची. सुधाकरभाऊंनी मिटिंग घेतली, डोळे मिटून प्रार्थना केली आणि अट पंचेचाळीसवर नेली. वर म्हणाले, "माणसाचं वय वाढून राहिलं, मग अटीनं मागं राहून कसं जमंल?"

मी नायगावला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आणि संघाची सेक्रेटरी. त्या वाढलेल्या अटीचा फायदा मलाही झाला, म्हणून मी तोंड उघडलं नाही. मुलगी मात्र त्याच आठवड्यात बाहेर पडली. जाताना मला म्हणाली, "ताई, मी म्हातारी झाले की येते संघात."

तर केनिया कुठून आलं? पुण्यात शिकायला असलेला डॅनियल नावाचा केनियाचा मुलगा एका नाताळाला आमच्या पाळकसाहेबांबरोबर मुखेडला आला होता. ठेचा खाऊन रडला होता आणि जाताना सगळ्यांना म्हणाला होता, या कधीतरी आमच्याकडं. असं निघताना सगळेच म्हणतात. सुधाकरभाऊंनी त्याचा ठराव केला. इतकी वर्षं परदेशी पाहुणे आपल्याकडं सेवेला येत होते, आता आपली पाळी, असं त्यांचं म्हणणं. डॅनियल तोवर स्वतःच्या गावी पाळक झाला होता. त्यानं बिचाऱ्यानं या म्हणून पत्र पाठवलं.

आपापल्या खर्चानं जाणारे मोजकेच निघाले, आणि त्यांत एक नाव असं होतं की ज्याला संघात कुणी कधी पाहिलंच नव्हतं. अमोल. पाळकसाहेबांच्या बहिणीचा, प्रमिलाबाईंचा मुलगा. पुण्यात कंपनीत नोकरीला. त्याला सेवेची ओढ अचानक कशी लागली, ते संघातल्या दुसऱ्या नावाकडं पाहिल्यावर कळत होतं. ते नाव एस्तेरचं.

एस्तेर माझी चुलत बहीण, लातूरला एका दवाखान्यात नर्स. तिला आई नाही. बाप, म्हणजे माझे काका, मुखेड डेपोतून रिटायर झालेले एसटी ड्रायव्हर. जन्मभर गाडीत बोलायला बंदी होती म्हणून की काय, घरीही बोलत नाहीत. आपल्यानंतर पोरीचं कोण, या एका काळजीनं त्यांना घेरलं होतं आणि प्रमिलाबाईंचं स्थळ आल्यावर त्यांना पहिल्यांदा नीट जेवण गेलं. एस्तेरला अमोल पसंत नव्हता. का, ते तिला सांगता येत नव्हतं, कारण एका चहापलीकडं तिनं त्याला पाहिलंच नव्हतं. काकांनी तिला सांगितलं, "जाऊन ये बाई. पण आल्यावर हाव म्हणायचं."

"आल्यावर सांगते," ती म्हणाली. काकांनी तोच होकार समजला.

थोडक्यात, लोक मुलगी बघायला लातूर-उदगीरला जातात. आमच्याकडं बघण्याचा कार्यक्रम आफ्रिकेत ठरला होता आणि त्याला नाव दिलं होतं सेवा.

*

निघायच्या आधी मी आणि सुधाकरभाऊ वीरभद्र अप्पांच्या दुकानात ज्वारीचं पीठ, येसर मसाला, शेंगदाण्याची चटणी घ्यायला गेलो. अप्पा लिंगायत, कपाळावर भस्माचे पट्टे, पण आमच्या चर्चशी त्यांचं नातं जुनं. हंगामाच्या सणाचा आमचा लिलाव ते चुकवत नाहीत.

हा लिलाव समजून घ्या, पुढं लागणार आहे. ज्याच्या रानात जे पिकलं त्यातलं पहिलं तो त्या रविवारी चर्चमध्ये वेदीसमोरच्या टेबलावर आणून ठेवतो. सोयाबीन, तुरीच्या शेंगा, भोपळा, अंडी, कोंबडी. एकदा टेबलावर ठेवलं की ते देवाचं. ज्यानं दिलं त्याला हवं असलं तरी बोली लावूनच घ्यावं लागतं. सुधाकरभाऊ बोली पुकारतात. बोली सुटली की घेणाऱ्याला विचारतात, "घरी का टेबलावर?" आणि घेणारा म्हणतो, "टेबलावर." मग टाळ्या, वस्तू परत टेबलावर, परत बोली. शेवटी जे उरतं त्याचं सगळ्यांना जेवण. घरी असं कुणी म्हणत नाही. बंदी नाही, पण म्हणत नाही. एकाच लिंबाच्या फेऱ्यांवर आमच्या चर्चवर पत्रे चढलेले आहेत.

अप्पा पहिल्या वर्षी आले तेव्हा त्यांनी भोपळा जिंकला, काखेत मारला आणि सरळ दुकानाची वाट धरली. सुधाकरभाऊ मागं पळाले. "पैशे दिले न्हाई का मी?" अप्पा म्हणाले. सगळं समजावून सांगितल्यावर त्यांनी भोपळा परत आणून ठेवला, पण असा धंदा आपण कुठं पाहिला नाही, असं बरेच दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते. आता मात्र सगळ्यांत मोठ्यानं "टेबलावर" तेच म्हणतात. फक्त भोपळ्याकडं बघत राहतात.

तर अप्पांनी पीठ मोजता मोजता चौकशी सुरू केली. तिकडं पाणी आहे का, शाळा आहे का, दवाखाना आहे का. सुधाकरभाऊ सगळ्याला हाव म्हणत गेले. मग अप्पांनी विचारलं चर्च आहे का. सुधाकरभाऊ म्हणाले, आपल्यापेक्षा मोठं आहे.

"मंग तुमी काय कराया जाऊन राहिले?"

"सेवा कराया, अप्पा."

अप्पांनी पुडी बांधली, दोरा तोडला आणि म्हणाले, "चर्चच्या मागली नाली तुंबून किती दिस झाले, अध्यक्ष?"

सुधाकरभाऊंनी पिशवी उचलली आणि उन्हाचं निमित्त करून बाहेर पडले.

*

मुंबईहून विमान. सीट कुणी कुठं बसायचं याची जुळणी सुधाकरभाऊंनी स्वतःकडं घेतली होती. एस्तेरला खिडकी, तिच्या शेजारी अमोल, आणि आम्ही सगळे लांब मागं. सुधाकरभाऊंचा चेहरा मुंडावळ्या बांधून आणल्यासारखा फुलला होता.

एस्तेर लहानपणी मुखेडवरून विमान गेलं की जेवणावरून उठून अंगणात पळायची. पहिल्यांदाच विमानात बसत होती आणि खिडकीही मिळाली होती. ती बसली, बाहेर पंखाकडं पाहिलं, हात लावून काच पुसली. अमोलनं तिला आपल्या कंपनीबद्दल सांगायला सुरुवात केली. विमान अजून जागचं हललंही नव्हतं. ती उठली, मागं आली आणि मला म्हणाली, "ताई, तू जा तिकडं."

मी म्हटलं, वेडी का तू, खिडकी आहे.

"राहू दे," ती म्हणाली.

मी गेले. आणि नैरोबीपर्यंत अमोलचं पॅकेज, अमोलचं प्रमोशन, अमोलच्या फ्लॅटमधली मॉड्युलर किचन हे सगळं मी ऐकलं. इतक्या वेळात त्यानं एस्तेर कुठं गेली हे एकदाही विचारलं नाही. खाली समुद्र होता की ढग, तेही मला आठवत नाही, पण त्या किचनच्या टाइल्सचा रंग अजून सांगू शकते.

*

आमच्याबरोबर दोन पोती होती. मंडळीनं आफ्रिकेतल्या गरिबांसाठी दिलेले जुने कपडे. देताना प्रत्येकानं घरातलं असं काढून दिलं होतं की बोहारणीनंही घेतलं नसतं. सुधाकरभाऊंचा हिशेब असा की तिकडं लोक उघडेच फिरत असतील.

डॅनियलचं गाव डोंगरावर निघालं. थंडी अशी की दात वाजायला लागले. आम्हाला आफ्रिका म्हणजे ऊन एवढंच माहीत, त्यामुळं स्वेटर एकाकडंही नव्हता. पहिल्याच सकाळी आम्ही गुपचूप पोती सोडली. मला कोपरावर भोक पडलेलं कार्डिगन मिळालं. अमोलला बाह्या आखूड झालेला कुणाच्या तरी शाळेचा निळा स्वेटर. सुधाकरभाऊंनी माकडटोपी चढवली आणि त्या अवतारात आम्ही उपासनेला गेलो. तिथली सगळी मंडळी सुटाबुटात. बायकांच्या झग्यांना कडक इस्त्री, डोक्याला रेशमी रुमाल. दारात उभं राहून आमचं स्वागत करताना त्या बायकांची नजर माझ्या कोपरावरून हलत नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही बाहेर गेलो असताना त्या बायका खोल्यांवर आल्या आणि पोती घेऊन गेल्या. संध्याकाळी परत आणून दिली. सगळे कपडे धुतलेले, बटणं लावलेली, भोकं रफू केलेली, वर इस्त्री. आम्ही डॅनियलला विचारलं, हे काय? तो बिचारा कसाबसा म्हणाला, "त्या म्हणतात, इतक्या लांबून आलेत, यांच्याकडं धड कपडे नाहीत."

गरिबांसाठी आणलेत, हे सांगायची हिंमत कुणालाच झाली नाही. सुधाकरभाऊंनी त्या बायकांचे आभार मानले आणि सगळ्यांचा फोटो संघाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. पहिला मेसेज पाळकबाईंचा आला, "सुधाकरभाऊ, ती माकडटोपी आमच्या साहेबांची हाय का?"

*

मग आरोग्य शिबिर. त्यासाठी नांदेडहून खास फ्लेक्स छापून आणला होता. वर "भव्य आरोग्य शिबिर", खाली कोपऱ्यात एस्तेरचं नाव आणि बाकी सगळीकडं सुधाकरभाऊ. हात जोडलेले, मान किंचित कललेली, मागं सूर्याची किरणं. आपल्याकडं वाढदिवसाला लावतात तसा.

त्या गावात दवाखाना होता, डॉक्टर होते, मशीन आमच्या लातूरपेक्षा नवी. तरी पाहुण्यांचा मान म्हणून लोक रांगेत उभे राहिले आणि एस्तेरनं एकेकाचं बीपी तपासलं. सगळ्यांचं नॉर्मल. चढउताराचे रस्ते, कष्टाची माणसं, बीपी वाढणार कुठून? तीच एकटी दिवसभर काम करत होती. अमोल तिचे व्हिडिओ काढत होता, पण सगळ्या व्हिडिओंत पुढं तोच.

दुपारी एक म्हातारी आली. फ्लेक्ससमोर उभी राहिली, डोक्यावरचा रुमाल सारखा केला, डोळे मिटून बराच वेळ प्रार्थना केली. मग डॅनियलला काहीतरी विचारलं. डॅनियल सांगेना. सुधाकरभाऊ मागंच लागले तेव्हा म्हणाला, "ती विचारते, हे गृहस्थ कधी वारले?"

त्यांच्याकडं एवढा मोठा फोटो लावायचं तेच एक कारण असतं म्हणे. एस्तेरनं ताबडतोब सुधाकरभाऊंना खुर्चीत बसवून बीपी बघितलं. सगळ्या शिबिरात तेवढं एकच वाढलेलं निघालं.

*

हा पुढचा प्रसंग सांगताना मला हसू येत नाही, पण सांगायलाच हवा.

मी लहान होते तेव्हा आमच्याकडंही परदेशी पाहुणे यायचे. ते आले की रविवारच्या शब्बाथ शाळेच्या बाई आम्हाला रांगेत उभं करायच्या आणि चपला काढून ठेवायला लावायच्या. फोटो बरा येतो म्हणून. माझ्या चपला त्या वर्षी नव्या होत्या, लाल पट्ट्याच्या. त्या फोटोत दिसाव्यात म्हणून मी केवढी आतुर होते. कुठल्यातरी देशात कुणाच्या तरी भिंतीवर मी अजून अनवाणी उभी असेन.

तर डॅनियलच्या गावच्या शाळेत मुलांबरोबर खेळ चालले होते आणि अमोलनं एका मुलाला बाजूला घेतलं. मुलाच्या पायात चांगले काळे बूट, पॉलिश केलेले. अमोलनं त्याला खुणेनं बूट काढायला लावले, मातीत बसवलं, स्वतः त्याच्या खांद्यावर हात टाकून शेजारी बसला आणि मोबाइल माझ्या हातात दिला. मुलगा आपल्या बुटांकडं बघत होता. मी मोबाइल वर धरला.

एस्तेर आली. गुडघ्यावर बसली, त्या मुलाचे पाय ओढणीनं पुसले, बूट घातले, नाड्या बांधल्या. बांधून झाल्यावर एक नाडी सोडून पुन्हा नीट बांधली. मग अमोलला म्हणाली, "आता काढा फोटो."

अमोल म्हणाला, आता फील गेला त्यातला.

अमोल का पसंत नाही, ते आता तिला सांगता आलं असतं. पण ऐकणारे काका मुखेडला होते, आणि आल्यावर हाव म्हणायचं ठरलेलं होतं.

*

आता कोंबडी.

निरोपाच्या रविवारी उपासना संपली आणि तीच म्हातारी, सुधाकरभाऊंना मृत समजलेली, पुढं आली. काखेत तांबडी कोंबडी. आपल्या घरची, आपल्या हातानं वाढवलेली. पाहुण्यांना कोंबडी देणं हा त्यांच्याकडं मोठा मान. तिनं ती वेदीसमोरच्या टेबलावर ठेवली. बस्स. टेबल, त्यावर कोंबडी, समोर भरलेलं चर्च. इतक्या वर्षांची सवय, सुधाकरभाऊंचा हात आपोआप वर गेला आणि त्यांनी मराठीत बोली पुकारली!

आम्ही गार. भेट मिळालेली कोंबडी, देणारीच्या देखत, लिलावाला! डॅनियलनं घाईघाईनं सगळी रीत समजावून सांगितली. असा हशा उठला की पत्रे हलले. लिलाव त्यांच्याकडंही होतात म्हणे, आमच्यापेक्षा जोरात. एका बाईनं बोली लावली, सुधाकरभाऊंनी विचारलं, "घरी का टेबलावर?" डॅनियलनं भाषांतर केलं, बाई टेबलाकडं बोट दाखवून नाचली. टाळ्या. कोंबडी परत टेबलावर. मग गायकवृंदानं घेतली, परत. शाळेच्या हेडमास्तरांनी घेतली, परत. म्हातारी पहिल्या बाकावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती. तिची कोंबडी सगळ्या गावाच्या हातांतून फिरून तिच्यासमोर येत होती. मला वाटलं, चला, सेवा नाही तर नाही, ही एक गोष्ट तरी आपण यांना धड दिली.

मग अमोल उठला. सगळ्यांच्या वर बोली लावली. एस्तेरकडं बघून लावली. चर्च टाळ्या वाजवायच्या तयारीत. सुधाकरभाऊंनी अभिमानानं विचारलं, "घरी का टेबलावर?"

"घरी," अमोल म्हणाला.

सुधाकरभाऊंना वाटलं, पुण्याचा आहे, समजला नसेल. त्यांनी परत विचारलं. अमोल हसून म्हणाला, "भाऊ, पैसे दिलेत ना आपण? मग आपलीच की." आणि पुढं जाऊन पाय धरून कोंबडी उचलली.

पैसे दिले न्हाई का, हे अप्पाही म्हणाले होते. पण समजावल्यावर त्यांनी भोपळा परत आणून ठेवला होता.

तिथल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, पाहुण्याचा मान म्हणून. आमच्यापैकी एकाचाही हात उठला नाही. म्हातारी उठली आणि अमोलच्या पुढं जाऊन कोंबडीचे पाय त्याच्या मुठीतून सोडवून ती त्याच्या काखेत नीट धरायला दिली. जेवायला त्या कोंबडीचाच रस्सा होता. अमोलनं ताटाचा फोटो काढला आणि एस्तेरला तंगडी वाढायला लागला. तिनं ताटावर हात आडवा धरला.

*

आम्ही मुखेडला परतलो आणि चार घरी चहा होईपर्यंत प्रमिलाबाईंनी एस्तेरसाठी साडी पाठवली. मोरपंखी, जरीच्या काठाची, दुकानाच्या डब्यात. सोबत पेढे. तिचं उत्तर कुणी विचारलंच नव्हतं. निरोप असा, की हंगामाच्या रविवारी पोरीनं ही नेसून यावं, लिलाव झाला की पाळकसाहेब मंडळीसमोर सोयरीक जाहीर करतील. काकांनी डबा घेतला, पेढा तोंडात टाकला आणि देवापुढं डोळे मिटून बसले.

मी त्यांना भेटायला गेले. बुटांचं सांगितलं. ते ऐकत होते की नाही कळेना, ड्रायव्हर माणूस, नजर समोर. मग कोंबडीचं सांगितलं. तेव्हा त्यांनी मान वळवली.

"परत न्हाई ठेवली?"

"न्हाई, काका."

"देवाच्या टेबलावरली कोंबडी, अन् खाल्ली?"

मी हाव म्हटलं. काका उठून आत गेले आणि मी निघेपर्यंत बाहेर आले नाहीत. मला वाटलं, गेलं सगळं वाया. शब्द दिलेला माणूस, आता काय बोलणार?

हंगामाच्या रविवारी चर्च गच्च भरलं होतं. पहिल्या बाकावर प्रमिलाबाई आणि अमोल, नवे कपडे. पुरुषांच्या बाजूला काका. दाराजवळ अप्पा, भस्म लावून, दरवर्षीसारखे. एस्तेर उशिरा आली आणि तिला बघून बायकांची कुजबुज सुरू झाली. अंगावर तोच जुना पंजाबी ड्रेस, तीच ओढणी. पेंगत असलेल्या पाळकबाईसुद्धा जाग्या झाल्या.

सुधाकरभाऊंनी भोपळा विकला, अंडी विकली, शेंगा विकल्या. मग त्यांचा हात एका डब्यावर पडला. झाकण काढलं, तर आत मोरपंखी साडी. रीतीप्रमाणं देणाऱ्याचं नाव पुकारायचं असतं. त्यांनी इकडं-तिकडं पाहिलं आणि कसंबसं विचारलं, हे कुणाकडून?

एस्तेर उभी राहिली. "माझ्याकडून," ती म्हणाली. "मला आलेलं, देवाला दिलं."

पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला. प्रमिलाबाईंचा चेहरा लाल. मी काकांकडं पाहिलं, ते समोर बघत होते. कुणी बोली लावेना, कारण साडी कुणाची ते सगळ्या मुखेडला माहीत होतं. माहीत नव्हतं ते एकट्या अप्पांना.

"लई नामी हाय," अप्पा दारातून म्हणाले. "सुनंला होईल." आणि त्यांनी बोली लावली.

झालं! आपल्या होणाऱ्या सुनेची साडी किराणा दुकानात जाणार म्हटल्यावर प्रमिलाबाई ताडकन उठल्या आणि वर बोली लावली. अप्पांना वाटलं, चढाओढ आहे, दरवर्षी असतेच. त्यांनी आणखी वर नेली. बाईंनी त्याच्या वर. अप्पा मजेत, बाई घामाघूम. शेवटी अप्पांनी हसून हात जोडले आणि खाली बसले.

आणि मग सुधाकरभाऊ अडकले. टेबलावर म्हटलं तर साडी परत पुकारायची आणि अप्पा तर तयारच बसलेले. पण रीत ती रीत. त्यांनी साडी दोन्ही हातांवर धरली, एस्तेरकडं बघितलं नाही, पाळकसाहेबांकडं बघितलं नाही, आणि घसा खाकरून विचारलं, "बाई, घरी का टेबलावर?"

प्रमिलाबाईंनी अमोलकडं पाहिलं. मग एस्तेरकडं, बराच वेळ. ती उभीच होती. बाई पुढं गेल्या, साडी घेतली, डब्यात ठेवली, झाकण लावलं.

"घरी," त्या म्हणाल्या.

पाळकसाहेबांनी सोयरीक जाहीर करायला काढलेला कागद घडी घालून परत खिशात ठेवला. मग पुरुषांच्या बाजूनं एक टाळी वाजली. मागं वळून पाहिलं, तर काका.